अर्ध्या मिनिटाची उडी

जुन्या इमारतीतलं विजेचं ‘स्लेव्ह’, म्हणजे दुसऱ्या घड्याळाच्या हुकमावर चालणारं, घड्याळ बघत उभं राहिलं की पहिल्यांदा वाटतं, हे बंद पडलंय. मिनिटकाटा ढिम्म. आपण पाठ फिरवणार, एवढ्यात खट! काटा अर्धा मिनिट पुढे आणि पुन्हा गप्प.

उघडून पाहिलं तर आत घड्याळ म्हणावं असं फारसं काही निघत नाही. एक विद्युतचुंबक, एक दातेरी चाक, ते मागे फिरू नये म्हणून खिटी, काट्यांपुरती दोन-चार चाकं. किती वाजले याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो. वीज आली की एक पाऊल टाकायचं, बस्स.

वेळेची खबर असते ती दूर कुठल्यातरी खोलीतल्या मास्टर घड्याळाला. फ्रँक होप-जोन्स आणि जॉर्ज बोवेल यांच्या १८९५च्या पेटंटातून पुढे आलेल्या ‘सिंक्रोनोम’ या मास्टर घड्याळाचं काम मला तासन्‌तास बघावंसं वाटतं. लंबक दर २ सेकंदांनी १५ दात्यांच्या चाकाचा एक दाता ओढतो. चाकाचा फेरा पुरा झाला, म्हणजे ३० सेकंदांनी, की अडकवलेला दांडा सुटतो, पडता पडता लंबकाला हलकेच ढकलतो आणि खाली टेकून विजेचं वर्तुळ पुरं करतो. विद्युतचुंबक त्याला परत वर उडवतो. त्याच झटक्यात इमारतीतली झाडून सगळी घड्याळं खट करतात. माळेत मणी ओवावेत तशी ती एकाच तारेत ओवलेली; तार तुटली की सगळीच ठप्प.

त्यांना मागे मात्र जाता येत नाही. एक तास मागे करायचा तर तासभर सगळ्यांना थोपवून धरा, नाहीतर अकरा तास पुढे पळवा!

१९२१ साली विल्यम शॉर्ट या रेल्वे इंजिनिअरने तर कमालच केली. एडिंबराच्या वेधशाळेत त्याने मास्टर लंबकाला हवा काढलेल्या नळकांड्यात बसवलं आणि सांगितलं, तू फक्त झूल. दाते मोजणं, वीज जोडणं, एवढंच काय, मालकाला दर अर्ध्या मिनिटाला धक्का कधी द्यायचा हे ठरवणंसुद्धा स्लेव्हच्या गळ्यात. हा स्लेव्ह मात्र भिंतीवरच्या घड्याळांसारखा नुसता हुकमाचा ताबेदार नव्हे, तर स्वतःचा लंबक असलेलं दुसरं घड्याळ. अशा घड्याळाची चूक वर्षाकाठी जेमतेम सेकंदभर. वर त्या राबणाऱ्या स्लेव्हला मुद्दाम किंचित मंद लावलेलं असे, म्हणजे तो मागे पडला की मालकाच्या इशाऱ्यावर त्याला टोचणी देता येई. साधारण दर मिनिटाला एक.