खिडकीजवळची जागा

मेट्रोच्या शेवटच्या स्थानकाजवळ राहण्याचं एक सुख असतं, ते मधल्या स्थानकांवरच्यांना कळायचं नाही. गाडी रिकामी लागते. घाई न करता आत शिरायचं, खिडकीजवळची आपली जागा पकडायची आणि पुढे डबा भरत गेला की उभ्या माणसांकडे न बघण्याचा सराव करायचा. हे सुख मी बरीच वर्षं बिनबोभाट भोगलं.

आता डब्यातल्या नकाशात माझ्या स्थानकापुढे एक तुटक रेषा उगवली आहे. म्हणजे विस्तार!

संशय खरं तर आधीच यायला हवा होता. सगळे उतरले की रिकामी गाडी फलाट सोडून पुढे जाते, जरा थांबते आणि रूळ बदलून परत येते. म्हणजे ‘शेवटच्या’ पुढेही रूळ होतेच की. मी मात्र इतकी वर्षं त्या घोषणेवर विश्वास ठेवून बसलो.

हा हावरटपणा मेट्रोच्या रक्तातच आहे म्हणा. जगातला पहिला भुयारी रेल्वेमार्ग १८६३ साली लंडनमध्ये सुरू झाला, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, जेमतेम सहा किलोमीटर, तोही वाफेच्या इंजिनाचा धूर खात. कंपनीचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे. १८९१ पर्यंत हीच शहरी कंपनी वाढत वाढत वर्नी जंक्शनला पोचली, लंडनपासून सुमारे ८० किलोमीटरवर, चक्क शेतांच्या मधोमध. तिचे अध्यक्ष एडवर्ड वॉटकिन यांना तेवढ्यानेही समाधान नव्हतं. इंग्लिश खाडीखालून थेट पॅरिसला जायचं त्यांच्या मनात होतं, आणि बोगद्याचं खोदकाम त्यांनी सुरूही करून ठेवलं होतं. ते सरकारने थांबवलं. वर्नी जंक्शनची प्रवासी गाडीही १९३६ साली बंद झाली.

मला धीर येतो तो न्यूयॉर्ककडे बघून. तिथल्या सेकंड ॲव्हेन्यूखालच्या मार्गाच्या योजना १९२०च्या दशकापासूनच्या, आणि त्यातली पहिली तीन नवी स्थानकं उघडली १ जानेवारी २०१७ला. या हिशेबाने माझी खिडकी माझ्या हयातीत तरी सुरक्षित आहे.

पण इथे खांब उभे राहायलाही लागलेत. शिवाय मार्ग लांबला की गाडीचा फेरा लांबतो. तितक्याच मिनिटांनी गाडी हवी, तर गाड्या वाढवाव्या लागतात. त्या वाढल्या नाहीत, तर नवी गर्दी जुन्याच डब्यांत. उद्घाटनाच्या भाषणात हे कुणी सांगत नाही.

रोज माझ्याबरोबर एक बाई चढतात. मी घरून चालत येतो, त्या बसमध्ये उभ्याने, त्या तुटक रेषेच्या पार टोकापासून. गाडीत शिरेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस वापरून झालेला असतो. परवा नकाशासमोर उभ्या राहून त्या पुढची स्थानकं बोटाने मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार. चौथ्यावर बोट थांबलं आणि त्या स्वतःशीच हसल्या.

रेषा सलग होईल त्या दिवशी गाडी माझ्या स्थानकात भरलेली येईल. खिडकीशी त्या बसलेल्या असतील, आणि माझ्याकडे न बघण्याचा सराव करत असतील.