खुब्याची दुर्बीण, दुसऱ्यांदा

जेवायला मांडी घालून बसलो की दहाव्या मिनिटाला जांघेत कळ यायची. खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पाच-सहा महिने बरे गेले आणि तीच कळ, त्याच जागी, परत. दुर्बिणीतून म्हटलं की लोकांना वाटतं दोन भोकं, दोन टाके, झालं. मीही त्यातलाच.

मूळ दुखणं जुनं. बाराव्या वर्षापासून कबड्डी. वाढीच्या वयात खुब्यावर असा ताण पडत राहिला की मांडीच्या हाडाचा गोळा जिथे त्याच हाडाच्या मानेला मिळतो तिथे जादा हाड धरू शकतं. पाय पोटाशी घेतला की तो उंचवटा खोबणीच्या काठावर घासतो आणि काठावरची वॉशरसारखी कड, लॅब्रम, फाटते. बर्नच्या राइनहोल्ड गान्झ आणि सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं २००३ साली. त्याआधी आमच्या मास्तरांनी 'लचक भरली' म्हणून तेल चोळायला लावलं, त्यांना काय बोल लावणार!

पहिल्या वेळी कड शिवली. कार्डावर हाड घासल्याचंही लिहिलं होतं. किती घासलं ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत दुखायला लागल्यावर 'व्यायाम कमी पडतोय' एवढंच ऐकलं. वर्षभर व्यायाम केला.

मग दुसरे डॉक्टर गाठले. त्यांनी पाय वाकवून, फाकवून वेगळा एक्स-रे काढला, नंतर थ्रीडी सीटी. गोळा लिंबासारखा गोल हवा. माझा एका बाजूला कोयीसारखा फुगलेला. हा फुगवटा ज्या कोनात मोजतात तो अल्फा अँगल ६६ अंश, साधारण ५५ च्या आत हवा. डॉक्टर म्हणाले, "दारातला खिळा तसाच ठेवून शर्ट रफू केलाय हो." दुसऱ्यांदा दुर्बीण घालावी लागते त्यात हे उरलेलं हाडच सगळ्यात जास्त सापडतं, असंही म्हणाले. शिवाय आतले भाग एकमेकांना चिकटणं, कड पुन्हा फाटणं. खोबणीच उथळ असेल तर नुसत्या दुर्बिणीने भागत नाही, ते आधी मोजून घेतलं. सांध्यातली फटही मोजली. ती दोन मिलिमीटरवर आली असती तर त्यांनी हात लावला नसता. कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, झिजल्यावर गाडी सांधा बदलण्याकडेच जाते.

तरी एक चाचणी राहिली होती. सोनोग्राफीवर बघत सांध्यात भुलीचं इंजेक्शन. अर्ध्या तासाने मी दवाखान्याच्या बाकड्यावर चक्क मांडी घालून बसलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पाय खाली घे रे बाबा, पेशंट आहेस ना?" कळ गायब! म्हणजे दुखणं सांध्यातलंच, कंबरेचं नाही.

ऑपरेशनला पाय ताणून सांधा उघडतात. त्या ताणाने चार दिवस नको त्या जागी बधिरपणा होता. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, नाहीतर रात्री दोनला फोन केला असता. उंचवटा घासला, चिकटलेलं सोडवलं, कड परत शिवली. तीन आठवडे कुबड्या, दुसऱ्या दिवसापासून बिनताणाची सायकल, आणि नवीन हाड धरू नये म्हणून नेप्रोक्सेन. ते पोटाला बाधतं, म्हणून सोबत पित्ताची गोळी. या वेळी सुट्टी घेताना मी ऑपरेशननंतरचा एक्स-रे मागून घेतला आणि अँगल पेनाने लिहून घेतला : ४७.

दुसऱ्या खेपेला फरक पडतो, पण पहिल्यांदाच नीट झालं असतं तर जेवढा पडला असता तेवढा सहसा पडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आज चौदा महिने झाले. जिने चढतो, गाडी चालवतो, कळ नाही. उकिडवं बसता येत नाही. परवा भाच्याच्या मुंजीत पंगतीला बसलो; मठ्ठा येईपर्यंत तग धरला, मग पाय लांब केला. वाढप्याने तेवढा भाग वळसा घालून वाढलं.