शेरू आणि बिट्टू, एकाच दिवशी

सकाळी दवाखाना उघडत होते तर काकू आधीच दारात उभ्या, हातात चादरीत गुंडाळलेलं पिल्लू. त्या काही बोलायच्या आधी मला वास आला. पार्वो, म्हणजे पिल्लांची आतडी खाणारा व्हायरसचा आजार, त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही, रक्ताचा आणि कुजक्याचा एकत्र, थोडासा गोडसर. मी त्यांना तिथेच थांबवलं, म्हणलं पिल्लू खाली ठेवू नका, कशाला हात लावू नका, मागच्या दाराने सरळ वेगळ्या खोलीत या.

बिट्टू, वय 11 आठवडे. आदल्या रात्रीपासून उलट्या आणि पहाटे रक्ताचे जुलाब सुरू झालेले. डोळे आत गेले होते, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. पार्वोच्या टेस्ट किटसाठी नमुना घेतला, खरं तर दहा मिनिटं थांबायचं असतं पण दुसरी रेघ, म्हणजे पार्वो असल्याची, चारच मिनिटांत दिसायला लागली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर जवळजवळ संपल्याच होत्या.

"लस?" उत्तर माहीत असून विचारलं.

"नाही दिली. तुम्हाला माहितीये ना का ते."

माहीत होतं. चार आठवड्यांपूर्वी त्या बिट्टूला घेऊन आल्या होत्या, नुसतं दाखवायला. त्यांचं म्हणणं असं की शेरूला, म्हणजे त्यांच्या 14 वर्षांच्या कुत्र्याला, आयुष्यभर दरवर्षी सुया टोचल्या म्हणून त्याच्या किडन्या गेल्या, आता हे पोर मी नैसर्गिकच वाढवणार. बाहेर रांग लागलेली, माझी घाई, मी म्हणलं काकू असलं काहीतरी वाचून डोक्यात घेऊ नका, आणि सिरिंज भरायला वळले. परत मागे बघते तर त्या पिल्लू उचलून चालल्या होत्या. मी नंतर फोनसुद्धा केला नाही. त्या चार आठवड्यांत मी निदान एकदा फोन करायला हवा होता, ही गोष्ट मला अजून टोचते.

कारण त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं होतं आणि ते मी मान्य केलं असतं तर त्या बसल्या असत्या. शेरूच्या फाईलमध्ये कित्येक वर्षं सगळ्या लशी दरवर्षी दिलेल्या आहेत, मीच दिल्यात. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पिल्लूपणीचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला की डिस्टेंपर, पार्वो आणि हेपटायटिसची लस तीन वर्षांच्या आत परत द्यायची गरज नाही, हवं तर रक्तातली अँटीबॉडी तपासून ठरवता येतं. लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचं वेगळं, ती जिथे धोका आहे तिथे दरवर्षीच लागते, आणि रेबीजचं तिथला कायदा सांगेल तसं. मी मात्र सवयीने सरसकट देत आले होते. त्याने किडन्या गेल्या असं मला वाटत नाही, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या किडन्या बऱ्याचदा झिजतात आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं म्हणून ते अचानक झाल्यासारखं वाटतं. पण "दरवर्षी कशाला?" हा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं नीट उत्तर मी त्यांना द्यायला हवं होतं.

बिट्टूच्या पायात सुई घालून सलाईन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक सुरू केलं कारण आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं आणि तिथले जंतू रक्तात शिरतात. व्हायरस मारणारं नेहमीच्या वापरातलं औषध नाही, पिल्लू स्वतः लढतं, आपण फक्त त्याला लढेपर्यंत जिवंत ठेवायचं. काकू काचेपलीकडे उभ्या होत्या, म्हणल्या आईच्या दुधातून ताकद मिळते ना डॉक्टर, मी तर त्याच भरवशावर होते. म्हणलं मिळते, अगदी खरंय, पण ती उसनी असते, काही आठवड्यांत उतरत जाते, कुणाची आठव्याला तर कुणाची चौदाव्याला, आणि ती जोवर आहे तोवर लशीलाही काम करू देत नाही. म्हणून तर सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत परत परत द्यायची, मधली फट कधी पडेल ते वरून दिसत नाही ना. लस दिली तरी लढतं त्याचंच शरीर, आपण फक्त शत्रूचा चेहरा आधी दाखवून ठेवतो. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून त्या त्याला लसणाचं पाणी देत होत्या, तेही बंद करायला सांगितलं, लसणाने कुत्र्यांच्या लाल पेशी फुटू शकतात.

मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "शेरूला होईल का हो? दोघं एकाच गादीवर झोपतात. काल त्याची उलटी शेरूने चाटली."

मी शेरूची जाडजूड फाईल काढून त्यांच्यासमोर ठेवली, लशींचं पान उघडून. म्हणलं होण्याची शक्यता फार कमी आहे, जवळपास नाहीच. त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यावर काही बोलले नाही. घर कसं साफ करायचं ते सांगितलं, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, साबणाने हा व्हायरस मरत नाही, आणि अंगणात नवं पिल्लू वर्षभर तरी आणू नका.

जाताना दारात थांबल्या. "शेरू तीन दिवस जेवला नाहीये. संध्याकाळी येऊन जाल का घरी?"

दिवसभर बाकीचे पेशंट झाले, त्यातलं मला काही आठवत नाही. संध्याकाळी अंघोळ करून, कपडे बूट सगळं बदलून गेले. शेरू खिडकीखाली गादीवर पडलेला. तोंडाला अमोनियासारखा वास, हिरड्यांवर पांढरट व्रण, लघवी आता जेमतेम. पण अंगावर एकही जखम नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची, कोमट फडक्याने पुसायचं, पाय चोळायचे, हे त्या महिनाभर एकट्या करत होत्या. चांगल्या हॉस्पिटलमध्येसुद्धा इतकी निगा मी क्वचित बघितलीये, आणि मी त्यांना तसं सांगितलं.

"त्याला नैसर्गिक जाऊ दे असं वाटतं मला," त्या म्हणाल्या. "सुई नको."

यावेळी मी वाद घातला नाही. नैसर्गिक म्हणजे पुढे काय होईल ते फक्त सांगितलं. मळमळ थांबणार नाही, तोंडातल्या व्रणांमुळे पाणी गिळताना दुखेल, फिट्स येऊ शकतात, दोन दिवस लागतील किंवा सहा. मळमळीचं आणि दुखण्याचं औषध देऊन घरीच ठेवायचं असेल तर मी रोज येते, तोही रस्ता आहे. मग विचारलं, त्याला काय काय आवडायचं आणि त्यातलं आता काय उरलंय?

त्यांनी वही आणली. रोज सकाळी त्या दार उघडून यायच्या तेव्हा शेरू उठला तर बरोबरची खूण, नुसती शेपटी हलवली तर रेघ. आधी खुणाच खुणा, मग रेघा, आणि शेवटचे नऊ दिवस कोरे. ते कोरे दिवस त्यांनी बोटाने मोजले, दोनदा. म्हणाल्या, "करा."

मी आधी सगळं सांगून ठेवते, माणसं नंतर घाबरतात म्हणून. पहिलं इंजेक्शन झोपेचं, दुसरं भुलीच्याच औषधाचा मोठा डोस, आधी मेंदू झोपतो, मग श्वास, मग हृदय. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा मोठा श्वास येतो, तो त्याला कळत नसतो. काकू गादीवर बसल्या, डोकं मांडीवर घेतलं, त्याचा एक कान मऊ होता तो बोटांत धरून राहिल्या. पहिल्या इंजेक्शननंतर सात आठ मिनिटांनी तो घोरायला लागला, आणि काकू रडता रडता म्हणाल्या, किती दिवसांनी घोरला. मग मी दुसरं दिलं. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पुरती दोन मिनिटं ऐकलं, गेला म्हणून सांगितलं.

मी निघताना त्यांनी शेरूचा जुना टॉवेल पुढे केला, बिट्टूजवळ ठेवा, त्याला वासाची सवय आहे. मी म्हणलं काकू, त्या खोलीत गेलेलं कापड परत घरी येत नाही, नंतर टाकून द्यावं लागेल. त्या जरा वेळ टॉवेल हातात धरून उभ्या राहिल्या. मग माझ्या बॅगेतली बँडेजची कात्री मागितली, टॉवेल मधोमध कापला आणि अर्धा मला दिला.

रात्री साडेदहाला बिट्टूच्या पिंजऱ्यात तो पसरला. मान उचलायची ताकद नव्हती, तसाच सरपटत पुढे आला, सलाईनची नळी ताणली गेली म्हणून मी ती सैल करून धरली, आणि त्याने नाक टॉवेलात खुपसलं.