फोर्ट मोसे: किल्ला बघायला गेलो, चिखलात बसलो

राजगड-तोरणा डोक्यात ठेवून फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला जाऊ नका. फोर्ट मोसेचा (उच्चार ‘मो-से’) मूळ दगड बघायला मिळणार नाही, कारण तो दगडी नव्हताच. मातीचे बांध, लाकूड आणि भोवती खंदक. फ्लोरिडा स्पेनकडे असताना, १७३८ साली, गुलामीतून पळून आलेल्यांसाठी वसवलेली ती जागा आज दलदलीत गेलीय. २०२५ मध्ये उभारलेली प्रतिकृती तेवढी बघायला आहे.

माझी चूक कयाकची. भाड्याने देणारा म्हणाला, “खाडीतून वळसा मारून या, सोपं आहे.” ओहोटी लागलीय हे मात्र बोलला नाही. मी रत्नागिरीचा, मला कळायला हवं होतं! अर्ध्या तासात पाणी उतरलं नि कयाक रुतली. उतरून ढकलायला गेलो तर गुडघाभर चिखल, त्यात कालवांच्या धारदार शिंपा. डावी चप्पल अजून तिथेच आहे. दोन तासांचे साडेचार झाले आणि वर उशिराचे चाळीस डॉलर कापले. सरळ लूट.

गवत डोक्याएवढं. दहा हातांवर बगळा पाणी तुडवत होता, पण दिसत नव्हता. जून १७४० मध्ये पहाटे स्पॅनिश बाजूचे ३०० जण मोसेत बसलेल्या इंग्रजांच्या किती जवळ येऊ शकले असतील, ते तिथे कळलं. त्यांत मोसेचा कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेस याची फौज होती: इंग्रजांच्या कॅरोलिना वसाहतीतल्या गुलामीतून पळून आलेले, कॅथलिक होऊन स्वतंत्र झालेले लोक. त्याआधी सेंट ऑगस्टीनला वेढा घालायला जॉर्जिया या इंग्रज वसाहतीचा प्रमुख ओगलथॉर्प आला होता. मोसेचे लोक शहरात हलवल्यावर त्याच्या इंग्रजांनी रिकामा मोसे घेतला, वर स्वतःच दारं काढली, तटाला खिंडारं पाडली. मग तिथेच मुक्काम ठोकला! त्या पहाटेच्या हल्ल्यात त्यांच्यातले सत्तरच्या आसपास मेले, त्यांचा कर्नल पामरसुद्धा. महिन्याभरात ओगलथॉर्पने वेढा उठवला.

जाणाऱ्यांनी एवढं करा. आधी संग्रहालय, मग दलदलीवरची लाकडी वाट, दोन तास पुरे. जूनमध्ये सकाळीच जा, डास नि बारीक चिलटं फाडून खातात. कयाक घ्यायचीच तर भरतीचं वेळापत्रक स्वतः बघा, पूर्ण भरतीच्या तासभर आधी निघा, जाड तळाचे बूट घाला. उशिराचा दर आधी लिहून घ्या.

कास्तियो दे सान मार्कोसचा दगडी किल्ला आणि गावातले दोन दिवस छान गेले, त्याबद्दल सगळेच लिहितात. मोसेला मी परत जाईन, पण पायी.