दोन रंगांचं विणकाम: पहिला स्टीक कापला

बिनबाह्यांच्या स्वेटरचा पुढच्या बाजूचा स्टीक, म्हणजे कापण्यासाठीच विणलेली जास्तीची पट्टी, या आठवड्यात कापला. धुऊन, वाळवून, कडा ओढून पाहिली, एकही टाका सुटला नाही. आता बगला राहिल्या आहेत.

दोन सुयांवरून नुकतेच गोल सुईवर आलेल्यांसाठी थोडं सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या फेअर आइलच्या पद्धतीत एका ओळीत दोनच रंग चालतात. १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि ही नक्षी जगभर गेली. स्वेटर गोल विणतात, म्हणजे सुलट बाजू सतत समोर राहते आणि नक्षी चुकली तर लगेच दिसते. पण नळीसारख्या अंगाला पुढचं उघडं आणि बगला कुठून आणायच्या? तिथे जास्तीचे टाके घालून वर विणत जायचं आणि शेवटी मधोमध कात्री चालवायची. ती जास्तीची पट्टी म्हणजे स्टीक.

दोन धागे दोन हातांत धरायची सवय आता बसली आहे. डाव्या हातातला धागा खालून येतो, म्हणून तो रंग नक्षीत उठून दिसतो. नक्षीचा रंग कायम डावीकडे, पार्श्वभूमीचा उजवीकडे. मध्येच अदलाबदल केली तर त्या ओळीपासून नक्षी फिकी पडते. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्यायचे, नाहीतर मागचा धागा आखडतो आणि वीण चुण्या धरते. माझ्या विणीत १० सेंमीला २४ टाके बसतात, त्यामुळे एक रंग पाच टाक्यांपेक्षा जास्त चालला की मागचा धागा मध्ये एकदा अडकवून घेते.

खरा मुद्दा लोकरीचा आहे. कात्रीची भीती सगळ्यांना वाटते, पण स्टीक टिकतो तो धाग्यामुळे. विणलेला टाका खाली ओघळतो, आडवा सहसा सुटत नाही. उभं कापल्यावर धाग्याची आखूड टोकं आडवीच सुटायला बघतात, आणि लोकर खरखरीत असेल तर शेजारचे टाके त्यांना धरून ठेवतात. साताऱ्याच्या बाजारात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. ती गुळगुळीत असते, टोकं सरकतात. त्यात स्टीक करायचाच तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनवर बारीक टाक्याच्या दोन-दोन ओळी मारल्याशिवाय कात्री उचलू नका. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली मेरिनो मेंढीची मऊ लोकरसुद्धा अशीच निसटते. मी हिमाचलची साधी दुपेडी लोकर वापरली. स्टीक सात टाक्यांचा, एक आड एक रंगात, म्हणजे मधला टाका नजरेला सापडतो. टाका V सारखा दिसतो, त्याच्या दोन बाजू म्हणजे पाय. मधल्या टाक्याचा डावा पाय डाव्या शेजाऱ्याशी आणि उजवा पाय उजव्या शेजाऱ्याशी क्रोशाने जोडला. मध्ये फक्त आडव्या धाग्यांची शिडी उरते, तीच कापायची.

आत्या शेजारी बसली होती. मला विणायला तिनेच शिकवलं. ‘अगं, विणलेल्याला कात्री लावतात होय?’ म्हणाली, आणि कापून झाल्यावर माझ्याआधी तिनेच कड ओढून पाहिली.

दुसरा प्रयोग दख्खनी मेंढीच्या लोकरीवर चालू आहे. आपल्या माण-म्हसवडकडे घोंगडीसाठी कातलेलं सूत मिळतं, काळं आणि पांढरं, म्हणजे न रंगवता दोन रंग हाताशी. ताण्याचं, म्हणजे मागावर उभं लावायचं सूत घेऊ नका. त्याला चिंचोक्याची खळ लावलेली असली तर ते सुईवर ताठ राहतं. बिनखळीचं मागून घ्या आणि विणण्याआधी कोमट पाण्यातून काढा. या लोकरीचा छोटा नमुना विणून क्रोशा न घालता कापला, टोकं जागची हलली नाहीत. मात्र ती अंगाला टोचते, म्हणून स्वेटरऐवजी उशीचा अभ्रा किंवा पिशवी करणार आहे.

पुढच्या वेळी बगलांचे स्टीक आणि काठाची पट्टी. काठासाठी चार ओळींमागे तीन टाके उचलून पाहणार आहे. पट्टी फार सैल वाटली तर प्रमाण बदलेन. दख्खनी लोकर कुणी जरा बारीक कातून घेतली असेल, एकपेडी किंवा दुपेडी, तर किती नंबरच्या सुईवर विणली ते जरूर सांगा.