निरीक्षण पत्रकातला रकाना

बुधवार, रात्री

ओवीच्या दप्तरातून आज पालक निरीक्षण पत्रक परत आले. ‘मूल घरी काय शिकते?’ या रकान्यात मी लिहिलेल्या मजकुरावर निळ्या शाईने बरोबरची खूण केली आहे आणि खाली ‘अक्षरे गिरवण्याचा सराव घ्यावा’ अशी सूचना आहे. सूचनेत वावगे काही नाही, तिचा ‘ळ’ अजून उलटा पडतो. तरीही संध्याकाळपासून, भाकऱ्या थापतानासुद्धा, मनात एकच येत राहिले, की मी लिहिलेले कोणी वाचले असेल का?

लिहिले होते पेन्सिलींविषयी. सोलापुरातली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली, पण ओवीच्या खेळात नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक अजून चालूच आहे. परवा तिने घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा केल्या, मानाच्या सात काठ्या म्हणून त्यांतल्या सात निवडल्या आणि भिंतीला टेकवून उंच ते बुटकी अशा क्रमाने उभ्या केल्या. पाचवी सहावीपेक्षा बुटकी दिसली, तेव्हा तिने दोन्हींची बुडे फरशीवर शेजारी टेकवून पाहिली आणि जागा बदलली. मग शेजारच्या शारदम्मांकडून शिकलेले तेलुगू ‘ओकटी, रेंडू, मूडू’ म्हणत ती शेवटच्या काठीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिलीपासून मराठीत मोजू लागली. दोन्ही वेळा सातच आले, याचे तिला केवढे नवल वाटले! भाषा बदलली तरी काठ्या तेवढ्याच राहतात, हे तिचे तिला उमगताना मी समोर बसून पाहिले.

हे शिकणे नाही तर काय? लहानमोठ्याचा क्रम लावणे, एका वस्तूला एकच अंक देत मोजणे, यावरच तर पुढचे गणित उभे राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि प्रगतिपुस्तक घर आणि शाळा यांच्यातला महत्त्वाचा दुवा व्हावा, असे म्हटले. त्याच्या कितीतरी आधी बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात मुलांच्या अंगणातच शाळा नेली होती. मूल शाळेत येते ते घर बरोबर घेऊनच येते, हे त्यांनी ओळखले होते. मग आमच्या पत्रकातला हा रकाना दोन ओळींचा का? मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. बरोबरची खूण मात्र पुढच्या बाजूवरच आहे. पान उलटले गेले की नाही, हे कळायला काही मार्ग नाही, आणि मला खुपते आहे ते एवढेच.

आता घर शांत झाल्यावर थोडे वेगळे वाटते आहे. मॅडमच्या वर्गात किती मुले आहेत, हे मी पालकसभेत पाहिले आहे. प्रत्येक घरातून असा कागद आला, तर एका संध्याकाळी त्यांनी तो किती वाचावा? शिवाय ओवी दिवसभर शाळेत कोणाशी बोलते, कशावर अडते, काय विचारते, हे मला तरी कुठे ठाऊक आहे? विचारले की ती ‘काही नाही’ म्हणते. मॅडमनी जे पाहिले असेल ते मला मिळत नाही आणि मी पाहिलेले त्यांच्यापर्यंत जात नाही. ही उणीव दोन्हीकडची आहे, आणि तिच्यासाठी मॅडमवर रुसून बसणे बरोबर नाही.

म्हणून ठरवले आहे, की पुढच्या पत्रकात एकच गोष्ट लिहायची, पुढच्याच बाजूला आणि दोन ओळींत. ‘ओवी तेलुगूत आणि मराठीत सातापर्यंत वस्तू मोजते, वर्गातही तिला तसे मोजू द्यावे’ एवढे पुरेल. बाकीचे या वहीत राहील. शनिवारी शाळा सुटताना मॅडम फाटकापाशी भेटल्या, तर ओवी वर्गात काय करते, हे आधी त्यांना विचारेन. पेन्सिलींचे त्यानंतर सांगता येईल.