सरडा इतक्या जवळ येऊ कसा देतो?

कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारकात फोटो मांडलेले असोत, नाहीतर घरी चहाला आलेल्या पाहुण्यांची नजर भिंतीवरच्या फ्रेमवर गेलेली असो, प्रश्न ठरलेला असतो. ‘हा सरडा तुम्हाला इतक्या जवळ येऊ कसा देतो?’ आणि त्याच्या मागोमाग, जरा आवाज खाली करून, ‘पकडून ठेवला होता का हो?’

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. सरडा पकडायचा, गारठवून सुस्त पाडायचा, हव्या त्या फांदीवर आणून बसवायचा, असं करणारे लोक आहेत, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. असा फोटो ओळखताही येतो. गारठलेला सरडा काळपट पडतो, डोळे अर्धे मिटलेले, पोट फांदीवर टेकलेलं आणि बोटांची पकड सैल. उन्हाला आपणहून आलेला सरडा पुढच्या पायांवर उठलेला असतो, मान ताठ असते, नखं सालीत रुतलेली असतात. नखांकडे बघा, बाकीचं आपोआप कळतं.

पहिल्याचं उत्तर लांब आहे. खरं तर तो मला जवळ येऊ देतच नाही. किती अंतर ठेवायचं हे त्यानं ठरवायचं आणि मी त्याच्या बाहेर बसायचं, एवढाच आमचा व्यवहार.

टीव्हीवर ऑस्ट्रेलियातला ‘ड्रॅगन’ मानेभोवतीची झालर उघडून दोन पायांवर पळताना दिसला की आपण सगळे टीव्हीपुढून उठत नाही. आपल्या कुंपणावर मान हलवणारा सरडा त्याच कुळातला आहे, अगामिडी कुळातला. माळावर गळ्याखाली पंखा असलेले छोटे सरडे राहतात, ते याच कुळातले. घाटातल्या झाडीत राहणारा जंगली सरडाही तोच गोतावळा. इतकी मंडळी शेजारी असताना लोक फोटोसाठी वाघाच्या सफारीचं बुकिंग शोधत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एप्रिल लागला की मी माळ धरतो. गवत वाळून भुईला टेकलेलं असतं, दगड सकाळपासूनच तापायला लागतात. आसपासच्या दगडांपेक्षा वीतभर उंच असलेल्या एखाद्या दगडाच्या टोकाला नर बसलेला असतो. शेपूट सोडली तर बोटाएवढा जीव. मातकट रंग, पाठीवर गडद नक्षी, गवतात उतरला तर डोळ्यांदेखत हरवतो. मागच्या पायाला बोटं चारच. कुंपणावरच्या सरड्याला पाच असतात. मग लांब कुठंतरी दुसरा नर हलतो. हा चारी पायांवर उभा राहतो, पाठ उचलतो, मान वर करतो, आणि गळ्याखाली घडी घालून ठेवलेली कातडी उलगडते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या नरात हा पंखा छातीच्याही खाली जातो. निळा, निळ्याला लागून काळा, मग शेंदरी. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. सगळा खेळ सेकंदाच्या आतबाहेर. ऊन त्याच्या मागून येत असेल तर पातळ कातडीतून उजेड आरपार येतो आणि शेंदरी रंग असा काही पेटतो की शटर दाबायचं भान राहत नाही.

तर हे बघायला मिळतं कसं? मी आधी दगड हुडकतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ हे आपण टोमणा मारायला वापरतो, पण माळावर ती मोठ्या कामाची माहिती आहे. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द सोडत नाही. उठला तरी घटकाभरात त्याच दगडावर परत येतो. दगडाच्या माथ्यावर बारीक काळी लेंडी आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की समजायचं, ही बैठक रोजची आहे. तो तिथं नसतानाच मी जागा धरतो. पोटावर आडवा, ऊन बाजूला, लेन्सखाली तांदळाची छोटी पिशवी. लेन्स लांब पल्ल्याची, ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी. जवळून काढायच्या मॅक्रो लेन्सचा माळावर मला फारसा उपयोग होत नाही. शटर १/२००० सेकंदावर, नाहीतर पंख्याची कड धूसर येते. एकदा बसलं की उठबस नाही, आणि आपली सावली त्याच्या अंगावर पडू द्यायची नाही. वरून सरकत आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी शिक्रा, सरडे टिपणारा शिकारी पक्षी. साडेनऊ-दहानंतर दगडांवरची हवा थरथरायला लागते. मग लेन्स कितीही भारी असो, खवल्याची कड नीट येत नाही. तेव्हा मी कॅमेरा बाजूला ठेवतो आणि नुसता बघत बसतो.

अंतर किती ते मीटरमध्ये सांगता येत नाही, पण तो स्वतः सांगतो. डोकं वरखाली करणं, पुढच्या पायांवर जोर काढणं हे दुसऱ्या सरड्यासाठी असतं. ते चालू आहे तोवर माझी त्याला पर्वा नाही. पंखा मिटला, अंग चपटं करून दगडाला चिकटला, एक डोळा माझ्यावर रोखला, की समजायचं, मी त्यानं ठरवलेल्या अंतराच्या आत आलोय. अशा वेळी मागं सरकायचं. कुंपणावरचा सरडा तर याहून स्पष्ट बोलतो. तो खोडाच्या पलीकडं सरकतो. तुम्ही वळसा घातलात की तोही तेवढाच वळसा घालतो. मग दोघांनी दोन बाजूंनी घेरायची युक्ती बरेच जण करतात. मला ती अजिबात पटत नाही. नराचं डोकं आणि खांदे तांबडे झालेले असतात, गळ्यावर काळा डाग आलेला असतो, ते दिवस वर्षात थोडे. त्या दिवसांत हद्द राखणं आणि मादीला दिसणं हेच त्याचं काम. आपण त्याला खाली उतरवलं तर तेवढा वेळ शेजारच्या नराच्या पदरात पडतो.

चाळकेवाडीचं नाव वर आलंच आहे, तर ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तिथं आहे. साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्यानं ठोसेघर ओलांडलं की हे पठार लागतं. पवनचक्क्यांनी भरलेलं. इथल्या सरड्याचं ‘सरडा सुपर्बा’ या नावानं शास्त्रीय वर्णन झालं ते २०१६ मध्ये. म्हणजे त्याच्याशेजारी पवनचक्क्या आधी उभ्या राहिल्या आणि त्याला नाव नंतर मिळालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावर पवनचक्क्या असलेली जागा आणि नसलेली जागा अशी तुलना केली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. खाणारं कोणी नाही म्हटल्यावर सरडे वाढले. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, आणि माणूस चालत गेला तर ते त्याला बरंच जवळ येऊ देतात. पण गर्दी वाढल्यामुळं खाण्यासाठी चढाओढ, अंगानं ते रोडावलेले, आणि गळ्याच्या पंख्याचे रंग फिके.

हे वाचल्यापासून ‘जवळ येऊ देतो’ याकडं बघण्याची माझी नजर बदलली. फोटो काढणाऱ्याला पवनचक्कीखालचा सरडा सोपा वाटणार. तो धीट झालाय असंही वाटणार. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावरचा शिक्रा गेलाय. त्यामुळं एखाद्या माळावर सरडा मला लांबूनच बघून दगडाआड गेला, तर मला बरं वाटतं. तिथं वर कोणीतरी फिरतंय, तिथली साखळी अजून तुटलेली नाही. असा सरडा मिळवायला जास्त थांबावं लागतं आणि त्याच्या गळ्याचा रंगही बघण्यासारखा असतो.

घाटातलं काम वेगळं. दाजीपूर-आंबोलीकडच्या झाडीत जंगली सरडा खोडाच्या रंगाचा होऊन बसतो. पूर्वी त्याला कुंपणावरच्या सरड्याच्या जातकुळीत धरत. २०१८ मध्ये तो मोनिलेसॉरस या नव्या जातकुळीत गेला. तो रात्री बारीक फांदीच्या टोकाला झोपतो. साप चढला तर फांदी हलते आणि त्याला जाग येते. नेमका झोपलेला असताना फ्लॅश मारून त्याचा फोटो काढणं सगळ्यात सोपं, म्हणून तसे फोटो भरपूर दिसतात. मी काढत नाही. फ्लॅशनं दचकून तो अंधारात खाली पडला तर रात्रीपुरती त्याची सुरक्षित जागा गेली. पुढं गोव्यात आणि कर्नाटकात सुपारीच्या बागांतून उडता सरडा दिसतो. लांब झालेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी पसरून तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

लोकांना नुसता चेहरा आणि पंखा भरून राहिलेली फ्रेम आवडते. मला आवडते ती दुसरी, जिच्यात सरडा कोपऱ्यात छोटा दिसतो आणि बाकी सगळा माळ असतो: वाळकं गवत, दगड, खाली लांबवर उसाचा हिरवा पट्टा. एकदा अशाच एका माळावर मेंढरं घेऊन आलेल्या मामांनी विचारलं, ‘काय हुडकायलाय वो?’ मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर सरडा दाखवला. त्यांनी तो बघितला आणि मग बोट मागच्या दगडावर ठेवलं. ‘ह्यो दगूड त्या वरच्या तळ्याजवळचा न्हवं?’ सरड्याचं घर त्यांनी ओळखलं. त्या फ्रेमची याहून मोठी पावती मला नको होती.

कागदोपत्री या जमिनीला पडीक म्हणतात. घाटाच्या कडेच्या सड्यांखाली, म्हणजे सपाट खडकाळ पठारांखाली, बॉक्साइट आहे, तो काढायचा तर वरचा सगळा थर उचलावा लागतो. माळांना दर उन्हाळ्यात कोणीतरी काडी लावतं. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गवतातला सरडा होरपळतो, आणि जो वाचतो त्याला काळ्या भुईवर लपायला जागा राहत नाही. पहिल्या पावसानंतर मादी याच मातीत अंडी घालणार असते. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, आणि माळ गेला तरी तो फोटो तसाच छान दिसत राहील. माळासकट काढलेल्या फोटोला मात्र कुणीतरी ‘ही जागा कुठली?’ असं विचारतं.

तिथंच तुमचा तिसरा प्रश्न येतो, जागा सांगा ना. चाळकेवाडीचं सांगितलं, ते सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापूरजवळच्या माळांची नावं मी सांगणार नाही, यावर कृपया रागवू नका. एका छोट्या माळावर मोजक्या नरांच्या हद्दी असतात, आणि एका रविवारी दहा गाड्या आल्या तर त्या हद्दी मोडतात. वेळ मात्र सांगतो: एप्रिलच्या मध्यापासून वळीव चांगला पडून जाईपर्यंत, सकाळी आठ ते साडेनऊ. गावाबाहेरच्या कुठल्याही न जळालेल्या माळावर जा, उंच दगड बघा, माथ्यावर लेंडी आहे का ते बघा, आणि दहा-बारा पावलं लांब बसा. मोबाईल खिशातच राहू द्या. आणि जाताना पाणी जास्त घ्या, माळावर सावली नसते.